डेस्मंड आमचा कोणी लागत नाही

डेस्मंड क्रचर आमचा कोणी लागत नाही. हे वाक्य मी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या मेकन शहरात इतक्या लोकांना ऐकवलंय, की आता ते म्हणताना मलाच खोटं बोलल्यासारखं वाटतं. समोरचा माणूस ‘हो का?’ म्हणतो, मान डोलावतो, आणि जाता जाता एकदा डेस्मंडच्या कानांकडे बघून घेतो.

कान मात्र आहेत खरे तसे. डोक्यापासून फटकून राहणारे, टोपी घातली तर टोपीला आधार देणारे. आमच्या अल्विनकाकांचे असेच होते. सगळी भानगड तिथूनच सुरू झाली. म्हणजे कानांपासून नव्हे, काकांच्या मयतापासून.

काका एप्रिलमध्ये गेले. चिलटं नुकती सुरू झाली होती. अर्लीनमावशी, म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण आणि काकांची बायको, पुढच्या लांब गाडीत बसली होती आणि तिच्या मागची गाडी मी चालवत होतो. हाउस्टन अव्हेन्यूवर नेहमीसारखं सगळं थांबलं होतं. समोरून येणाऱ्या गाड्या कडेला लागल्या होत्या. पेट्रोल पंपावरच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढून छातीशी धरली होती. गवत कापणाऱ्या माणसाने यंत्र बंद केलं आणि मान खाली घालून उभा राहिला. यांतला कोणी काकांना ओळखत नव्हता, पण मेलेल्या माणसाला रस्ता द्यायला त्याची ओळख लागत नाही. मी आरशात मागे पाहिलं, तेव्हा मयताच्या रिवाजाप्रमाणे भर दिवसा दिवे लावलेल्या आमच्या गाड्यांच्या रांगेत, अगदी शेपटाकडे, मिस ओफीलियाच्या गाडीच्या पुढे, एक जुनी लांबलचक काळी गाडी दिसली. अशी गाडी आमच्यात कोणाकडे नाही.

दफनाच्या वेळी तो माणूस सगळ्यांच्या मागे एकटा उभा होता. एप्रिलात चामड्याचं जाकीट घालून. आणि दोन्ही हातांनी चिलटं मारत होता.

आता आमच्याकडे चिलटं कोणी हातांनी मारत नाही. खालचा ओठ जरासा पुढे काढायचा आणि तोंडाच्या कोपऱ्यातून फुंकर वर सोडायची. बोलता बोलता, गाता गाता, प्रार्थना चालू असतानाही. मूल चालायच्या आधी हे शिकतं. अख्ख्या मेकनमध्ये हातांनी चिलटं मारणारा मी एकच माणूस पाहिला होता आणि तो त्या क्षणी पेटीत होता. मावशी काकांना नेहमी चिडवायची, “दोन हिवाळे उत्तरेत डेट्रॉइटला काय राहिला, साधी फुंकर मारायला विसरून आला.”

मिस ओफीलिया ही आमच्या चर्चच्या स्वयंपाकघराची राणी. (आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, ‘मिस’च म्हणतात.) तिच्या नजरेतून उंदीरही सुटत नाही, माणूस कुठला सुटायला. माती टाकून झाल्यावर ती सरळ त्याच्याकडे गेली.

“कुणाकडचे तुम्ही, राजा?”

“मी... डेट्रॉइटचा.”

मिस ओफीलियाची फुंकर अर्ध्यावर थांबली. एक चिलट तोंडात गेलंच असणार.

“अल्विनला कसे ओळखता?”

त्या माणसाने खड्ड्याकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, मग चहूबाजूंनी अडकलेल्या आपल्या गाडीकडे पाहिलं.

“फार चांगला माणूस होता,” तो म्हणाला.

एवढ्यावर मिस ओफीलियाने त्याला मिठी मारली, आणि दंडाला धरून चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जेवायला नेलं. जेवला तो. तळलेलं चिकन, मॅकरोनी, शिजवलेली पालेभाजी, बटाट्याचं सॅलड, परत चिकन. ताटातून मान वर केली नाही. मिस ओफीलिया मावशीच्या कानाशी लागली. “रडला नाही हं तो. पण जेवला मात्र घरच्यासारखा.”

मावशीच्या काळ्या हॅटचा काठ तेवढा त्याच्या दिशेने वळला आणि जेवण होईस्तोवर तसाच राहिला.

घरी जाताना गाडीत ती म्हणाली, “टेरेल, त्या माणसाचे कान बघितलेस?”

“नाही.”

“बघितलेस.”

“हो, मॅम.”

काका डेट्रॉइटला गेले होते ते लग्नानंतर लगेच. मोटारच्या कारखान्यात चांगलं काम मिळतंय म्हणून. मावशी इथे आजारी आईपाशी राहिली. दोन हिवाळ्यांनी काका परत आले, आणि त्यानंतरच्या सबंध आयुष्यात डेट्रॉइटबद्दल त्यांनी एकच वाक्य सांगितलं, “थंडी होती.” आजवर मावशीला ते वाक्य पुरेसं वाटायचं. आता ती ते वाक्य उलटंसुलटं करून बघायला लागली. कपडे वाळत घालताना मध्येच थांबायची. “थंडी होती. बरं. थंडीत माणूस काय करतो?”

“कोट घालतो,” मी म्हणालो.

“तू गप्प बस.”

दुसऱ्या आठवड्यात तिने मला दगडवाल्या सूएलसाहेबांच्या वखारीत न्यायला सांगितलं. काका आजारी असतानाच दोघांनी मिळून थडग्याचा दगड पसंत केला होता. एल्बर्टनच्या खाणीतला करडा, दोघांना मिळून एक असा जोडदगड. डावीकडे काकांचं नाव, त्याखाली ‘एकनिष्ठ पती’. उजवीकडे मावशीचं नाव, आणि मृत्यूच्या तारखेची जागा मोकळी, असं ठरलं होतं. सूएलसाहेबांनी डावीकडचं नाव कोरून ठेवलं होतं.

“पुढचं थांबवा,” मावशी म्हणाली.

“कुठलं, मिस अर्लीन?”

“नावाखालचे शब्द. आणि माझी बाजू.”

“अहो, नाव घालायला काय हरकत आहे? तारीख काय, येईल तेव्हा येईल, मॅम.”

“तारीख येणारच. नावाचं मला बघायचंय. माझ्या आईच्या शेजारीही जागा आहे.”

सूएलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दगडांकडे पाहिलं. मावशी मेल्यावर जन्मभराच्या नवऱ्याशेजारी झोपणार, की आपल्या आईपाशी, हे आता एका परक्या माणसाच्या कानांवर येऊन ठेपलं होतं.

परका माणूस शोधायला वेळ लागला नाही. मिशिगनची नंबरप्लेट, काळी गाडी, आणि मिस ओफीलिया. तो आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एका जोडघराच्या अर्ध्या भागात राहत होता आणि बस डेपोत ब्रेक दुरुस्त करत होता. मावशीने लोण्याचा केक केला. तिचा केक ज्याच्या घरी जातो त्याच्याकडून तिला काहीतरी काढून घ्यायचं असतं, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला ठाऊक नव्हतं. त्याने साखळी न काढता दार बोटभर उघडलं.

“काय विकताय?”

“केक आहे,” मी म्हणालो.

“मी मागवला नव्हता.”

“मागवायचा नसतो. देतात.”

“कोण देतं?”

“आम्ही.”

“का?”

तेवढ्यात त्याला माझ्या मागे मावशी दिसली आणि त्याचा चेहरा पडला. साखळी निघाली. मावशीने चेहरा पडलेला टिपला, झटकायला वर गेलेला हातही टिपला; दारात चिलटं होतीच.

आत एक खुर्ची, एक दिवा, आणि न उघडलेली खोकी. खिडक्यांना पडदे नाहीत. मावशी खुर्चीत बसली, तो खोक्यावर, मी उभा.

“मेकनच कसं काय सुचलं तुला?” मावशीने विचारलं.

“इथे थंडी नसते म्हणून.”

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

“आई?”

“गेली. बरीच वर्षं झाली.”

“कुठे कामाला होती?”

“मोटारच्या कारखान्यात.”

“आणि वडील?”

“आहेत. डेट्रॉइटलाच. ब्रेडचा ट्रक चालवायचे. रविवारी फोन करतात.”

“वडील म्हणजे, ज्यांना तू वडील म्हणतोस ते.”

“हो,” तो गोंधळून म्हणाला. “त्यांनाच म्हणतो.”

बाहेर आल्यावर मी मावशीला समजावलं, की डेट्रॉइटमध्ये मोटारच्या कारखान्यात कोणी नव्हतं असं घर शोधायला कंदील घेऊन फिरावं लागेल. मावशी म्हणाली, “नुसता ‘हो’ म्हणतो. ‘हो, मॅम’ नाही. वळण लावलेलं नाही पोराला. बाप शेजारी नसला की असंच होतं.” मी म्हणालो, उत्तरेकडे कोणीच तसं म्हणत नाही. ती म्हणाली, “तू गाडी चालव.”

त्या दिवसांत घरात पाणी कुठेतरी मुरतंय ही एकच भावना होती. मावशी काकांचे जुने कोट झटकायची, खिसे उलटे करायची. सापडायचा पेपरमिंट. काकांची आवडती खुर्ची तिने भिंतीकडे तोंड करून ठेवली. मिस ओफीलिया रोज नवा साक्षीदार आणायची. कोणी म्हणे अल्विन एकदा पोस्टात बराच वेळ उभा होता. कोणी म्हणे त्याला ब्लूजच्या उदास गाण्यांची आवड होती, आणि अशी आवड सुखी माणसाला नसते. मलाही, खरं सांगतो, डेस्मंड रस्त्यात दिसला की वाटायचं, हा मान तिरकी करून हसतो ती काकांचीच लकब. मग आरशात पाहिलं तर मीही मान तिरकी करूनच हसत होतो.

शेवटी मावशीने सापळा लावला. शनिवारी सकाळी डेस्मंडला नाश्त्याला बोलावलं. अंडी, सॉसेज, पावासारखी मऊ गरम बिस्किटं, आणि मधोमध मोठ्या वाडग्यात ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या कण्या, अगदी मऊ शिजवलेल्या. शेजारी लोणी, मीठ, मिरी. आणि थोडी लांब, पण हात पोचेल अशी, साखरेची वाटी.

ग्रिट्सवर साखर घालणारा माणूस आमच्याकडे टेबलावरून उठवला जात नाही, पण त्याच्याबद्दल मागून बोललं जातं. काका साखर घालायचे. डेट्रॉइटहून आल्यापासून. मावशीने आयुष्यभर ती वाटी त्यांच्यापुढे आपटलेली मी ऐकली आहे.

डेस्मंडने लोणी घेतलं. मावशीने श्वास रोखला. डेस्मंडने मीठ उचललं, बघितलं, खाली ठेवलं. मग हात लांब करून साखरेची वाटी ओढली आणि एक चमचा घातला. थोडं थांबून आणखी अर्धा घातला.

काकांचंही माप नेमकं दीडच होतं.

मावशीने रुमालाने हात पुसले. तिचा आवाज एकदम शांत झाला. तो तसा झाला की आमच्या घरात कुत्रंसुद्धा टेबलाखालून निघून जातं.

“अल्विन तुझा कोण, पोरा?”

“कोण?”

“माझा नवरा. ज्याच्या मयताला तू आलास. ज्याचं चिकन खाल्लंस. त्याच्याच टेबलावर बसलायस. सरळ सांग. मी रडणार नाही आणि ओरडणारही नाही. मला दगडवाल्याला उत्तर द्यायचंय.”

डेस्मंडने चमचा खाली ठेवला. कान लाल झाले. मोठे असल्यामुळे ते जरा जास्तच दिसलं.

“मी त्यांना कधी पाहिलंसुद्धा नाही,” तो म्हणाला. “मी चुकून आलो.”

“चुकून.”

“पेट्रोल भरून पंपाबाहेर निघालो. गाड्यांची रांग चालली होती, मध्ये फट पडली. मागच्या गाडीतल्या बाईंनी दिव्यांची उघडझाप करून सांगितलं, ‘या, आधी तुम्ही.’ मी गेलो.”

ती फट म्हणजे मिस ओफीलिया. ती इतकी हळू चालवते की तिच्या पुढे नेहमीच एक गाडी मावते.

“आणि तुझे दिवे? भर दिवसा दिवे लावलेले होते तुझे,” मी म्हणालो.

“ते बंदच होत नाहीत. जुनी गाडी आहे, वडिलांची. इंजिन सुरू की दिवे सुरू.”

“बरं, पुढे?” मावशी म्हणाली.

“पुढे, चौकात रांगेसोबतच्या मोटरसायकलवाल्याने लाल दिव्यातून मला हात करून जाऊ दिलं. समोरच्या गाड्या कडेला थांबल्या. मला इथे येऊन महिना होत आला होता, मॅडम. इथे सगळे हात करतात. सगळे विचारतात ‘कसं चाललंय’, आणि मी सांगायला तोंड उघडेपर्यंत पुढे गेलेले असतात. शेजारची बाई म्हणाली, ‘या कधीतरी घरी.’ मी त्याच शनिवारी गेलो. तर दारातच म्हणते, ‘काय झालं, पाइप फुटला का?’ मला वाटायला लागलं होतं, हे सगळं नाटक आहे, या हसण्यामागे काहीतरी आहे. आणि त्या दिवशी अख्खा रस्ता माझ्यासाठी बाजूला झाला. मला वाटलं, चला, रुळलो आपण.”

“म्हाताऱ्याने टोपी काढली तेव्हाही हेच वाटलं?” मी विचारलं.

“तेव्हा जरा जास्त होतंय असं वाटलं,” डेस्मंड म्हणाला. “मग वळणावर पुढची शववाहिका दिसली.”

मी हसलो. मावशी हसली नाही.

“मग निघून का नाही गेलास?”

“कुठून जाणार? पुढे-मागे गाड्या, दोन्ही कडांना मान खाली घातलेली माणसं. तिथे पोचल्यावर तर गाडी कोंडलीच. मग त्या बाईंनी मिठी मारली. महिनाभरात मला कोणी हात लावला नव्हता. त्यांनी विचारलं, कसे ओळखता. आता मिठीत असताना ‘ओळखत नाही’ कसं म्हणायचं?”

“आणि जेवलास ते? तेही चुकून?”

“नाही,” तो म्हणाला. “ते चुकून नाही.”

मावशी खिडकीबाहेर पाहत राहिली. मला वाटलं, संपलं आता. पण मावशीने मान हलवली.

“माणूस चुकून दुसऱ्याच्या दुकानात शिरतो. चुकून दुसऱ्याची छत्री उचलतो. मयताला चुकून कोणी येत नाही. मी या गावात जन्मले, चुकून मयताला आलेला माणूस मी बघितलेला नाही. ऊठ. कुठून शिरलास ते मला दाखव.”

“आत्ता?”

“टेरेल, माझी हॅट आण.”

काळी हॅट, काळा पोशाख. नवरा जाऊन थोडेच दिवस झालेले, ती दुसरं काही घालत नव्हती. डेस्मंडच्या गाडीत पुढच्या सीटवर मी बसलो, मागे मावशी, ताठ. दिवे अर्थातच सुरू. शनिवारची सकाळ, म्हणजे आमच्याकडे मयतांची वेळ, आणि हाउस्टन अव्हेन्यू. यात जे व्हायचं तेच झालं, पण ते आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

“इथून निघालो,” डेस्मंड पंपाच्या तोंडाशी थांबून म्हणाला. “अशीच रांग चालली होती.”

“अशीच म्हणजे?” मावशी म्हणाली आणि आम्ही तिघांनी डावीकडे पाहिलं.

रांग खरोखरच चालली होती. दुसऱ्या कोणाची तरी. दिवे लावलेल्या गाड्या, पुढे कुठेतरी शववाहिका. चौकात मोटरसायकलवर पांढरे हातमोजे घातलेला माणूस. त्याने पंपाच्या तोंडाशी अडकलेली लांब काळी गाडी पाहिली, दिवे पाहिले, मागच्या सीटवरची काळी हॅट पाहिली. ही घरची मंडळी मागे राहिली, असा त्याचा ठाम समज झालेला त्याच्या शिट्टीतूनच कळला. त्याने रांग थांबवली आणि आम्हाला जोरजोरात आत बोलावलं.

“जाऊ नकोस!” मी ओरडलो.

“मागे ट्रक आहे,” डेस्मंड म्हणाला. तो पुढे सरकला. आणि आम्ही रांगेत होतो.

“निघ बाहेर,” मावशी म्हणाली. “कडेला घे.”

“कुठे घेऊ?”

कडेला थांबलेल्या गाड्या होत्या. त्यांच्यापुढे एक बाई लेकराचा हात धरून उभी होती, लेकराने टोपी काढली होती.

“मावशी, रांग तोडू का आता? मधूनच?” मी विचारलं.

मावशीने त्या लेकराकडे पाहिलं. मेलेल्या माणसाची रांग तोडणं हे आमच्याकडे तोंडावर थुंकण्याइतकं वाईट, आणि हे आम्हाला शिकवलंय तिनेच.

“चालव,” ती खोल आवाजात म्हणाली. “गाडीतून कोणी उतरणार नाही.”

पण दफनभूमीत गाडी थांबते न थांबते, तोच एका उंच माणसाने मागचं दार उघडलं आणि मावशीपुढे कोपर धरलं. “या, मॅम. उन्हात बसू नका.” आता पुढे केलेलं कोपर मावशीने आयुष्यात कधी नाकारलेलं नाही. ती उतरली. त्याने तिला नेलं ते थेट कबरीजवळच्या तंबूत, आणि दुसऱ्या रांगेत बसवलं, घरच्यांच्या मागे. आम्ही दोघं चिंचोळ्या सावलीत उभे राहिलो. डेस्मंडचे हात चिलटांसाठी वर गेले. मी म्हणालो, “फुंकर. ओठ पुढे काढ.” त्याने काढला. पहिली फुंकर स्वतःच्या डोळ्यात गेली.

मेलेल्या माणसाचं नाव लूशियस ग्रिअर, हे आम्हाला प्रार्थनेतून कळलं. चाळीस वर्षं न्हावी होता. बरीच चांगली माणसं रडत होती. सगळं झाल्यावर मावशीच्या शेजारची बाई तिचा हात हातात घेऊन म्हणाली, “तुम्ही कुणाकडच्या, ताई? लूशियसला कशा ओळखत होतात?”

मी मावशीच्या ओठांकडे पाहत होतो. डेस्मंडही पाहत होता. ते उघडले, मिटले. मग तिने आमच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा त्या बाईकडे.

“फार चांगला माणूस होता,” अर्लीनमावशी म्हणाली.

पुढच्या रांगेत लूशियसची बायको बसली होती, मिस वायोलेट. ती सावकाश मागे वळली. तिने मावशीला हॅटपासून बुटांपर्यंत पाहिलं, आणि बुटांपासून पुन्हा हॅटपर्यंत. ती नजर मला परकी नव्हती. गेले कित्येक दिवस ती आमच्याच घरात राहायला होती.

जेवायलाही थांबलो. मावशी म्हणाली, न जेवता गेलो तर अपमान होतो. चिकन चांगलं होतं. बटाट्याच्या सॅलडमध्ये मोहरी जास्त आहे, हे तिने फक्त मला सांगितलं.

आम्ही परत निघालो. मग मागच्या सीटवरून एक आवाज आला. मला आधी वाटलं खोकला आहे. मावशी हसत होती. हॅट डोळ्यांवर ओढून, खांदे हलवत. काका गेल्यानंतर पहिल्यांदाच. हसता हसता तिने डोळे पुसले, आणि मग बराच वेळ पुसतच राहिली.

“डेस्मंड.”

“हो.”

“हो काय?”

“हो, मॅम.”

“पुढच्या सिग्नलला डावीकडे घे. दगडवाल्याकडे.”

सूएलसाहेब वखार बंद करायच्या बेतात होते. मावशी जोडदगडापुढे उभी राहिली. डावीकडे काकांचं नाव, बाकी सगळा कोरा दगड.

“माझं नाव घाला,” ती म्हणाली.

“बरं, मॅम. आणि खालचे शब्द? एकनिष्ठ पती?”

मावशीने मागे वळून डेस्मंडकडे पाहिलं. तो दारात उभा राहून फुंकर मारायचा सराव करत होता.

“काय रे, तुझे वडील ग्रिट्सवर काय घालतात?”

“साखर, मॅम. डेट्रॉइटला सगळेच घालतात.”

“किती?”

“कोण मोजतं?”

मावशीने आणखी थोडा वेळ त्याचे कान पाहिले. मग सूएलसाहेबांकडे वळली.

“घाला ते शब्द,” ती म्हणाली. “पण अक्षर जरा बारीक घ्या.”

आता डेस्मंड दर शनिवारी आमच्याकडे नाश्त्याला असतो. खोकी उघडली त्याने, पडदे मावशीने शिवून दिले. फुंकर जमते, साखर सुटलेली नाही. मावशी वाटी त्याच्यापुढे आपटते. काकांची खुर्ची पुन्हा टेबलाकडे वळली आहे, तिच्यावर तोच बसतो. लोक काय म्हणायचं ते म्हणतात.

गेल्या शनिवारी आम्ही असेच बसलो असताना व्हरांड्याच्या पायऱ्यांवर पावलं वाजली. मी दार उघडलं. काळ्या पोशाखात मिस वायोलेट ग्रिअर उभी होती. हातात लोण्याचा केक, वर स्वच्छ फडकं. मला तिने पाहिलंच नाही. तिची नजर माझ्या खांद्यावरून आत, सरळ मावशीच्या चेहऱ्यावर.

“इथून जात होते,” मिस वायोलेट म्हणाली. “म्हटलं, लूशियसला एवढं ओळखणाऱ्या बाईंना एकदा भेटावं.”

मावशी उठली. केक घेतला, खुर्ची पुढे केली, कॉफी ओतली.

“बसा,” मावशी म्हणाली. “मी आता तुम्हाला खरं सांगणार आहे आणि तुमचा त्यावर विश्वास बसणार नाही. मी चुकून आले होते.”

मिस वायोलेटने कॉफीचा कप उचललासुद्धा नाही.

“मयताला,” ती म्हणाली, “चुकून कोणी येत नाही.”

मावशीने मान डोलावली. मग भिंतीवरच्या खुंटीकडे हात केला.

“टेरेल, माझी हॅट आण. डेस्मंड, गाडी काढ.”